चुलीपुढचे शास्त्र

शास्त्र आणि अनुभव ही सख्खी भावंडे खरी; परंतु पुष्कळदा ती वेगवेगळ्या घरांत वाढतात. एक प्रयोगशाळेत, तर दुसरे स्वयंपाकघरात. माणसाच्या हाती द्यावयाच्या साधनांविषयी विचार करताना ही ताटातूट मला विशेष जाणवते आणि त्यासाठी निर्धूर चुलीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडत नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी 1934 पासून ग्रामोद्योगांचे कार्य उभारले. तेथील मगनचूल ही धूर घराबाहेर नेणाऱ्या चुलींपैकी एक आद्य चूल. पुढे 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने 'अस्त्र' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले आणि तेथे चुलीचेही गणित मांडले गेले. हवा किती घ्यावी, आच भांड्याला कशी भिडावी, धुराड्याची ओढ किती असावी, हे सारे त्यात आले.

खालापूर तालुक्यातील लोधिवलीला माझ्या मावशीकडे अशीच दोन तोंडांची चूल कोणीतरी बसवून दिली होती. चुलीचे गणित चोख होते. पण मावशीची गाऱ्हाणीही तितकीच नेमकी होती. तोंड अरुंद, म्हणून सरपण बारीक फोडावे लागे. मागच्या तोंडावर भांडे नसले की धूर तेथूनच उसळे. तांदळाची भाकरी निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवावी, तर चुलीपुढे उघडा विस्तव नसे. पावसाळ्यात धुराड्याभोवतीच्या कौलांतून पाणी गळे. शिवाय ज्या धुराला आपण वैरी मानतो, तोच चुलीवरच्या माळ्यावरील ओली लाकडे सुकवी आणि छपराच्या बांबूंना कीड लागू देत नसे. दोन पावसाळ्यांनंतर जुनी चूल पुन्हा पेटली. मावशीचा खोकला मात्र अखेरपर्यंत सुटला नाही.

या गाऱ्हाण्यांना अडाणीपणा म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. वस्तुतः तिचे प्रत्येक वाक्य हे एक निरीक्षण होते. ते टिपून घेणारे कोणी नव्हते, एवढेच. गणितात आच होती, भांडे होते. रांधणारीचा वेळ, तिची भाकरी आणि तिचे छप्पर मात्र नव्हते.

याउलट, नुसत्या मोजदादीनेही भागत नाही. केंद्र सरकारने 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 2002 मध्ये तो थांबेपर्यंत देशात 3 कोटींहून अधिक चुली बसल्या. पण बसलेली चूल म्हणजे पेटती चूल नव्हे. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी गुजरातेतील 4 खेड्यांत रांधणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवा मोजणारी उपकरणे लावली. धूर मोजायचा तो नाकापाशी, हे त्यांनी ओळखले. पुढे रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात 4 वर्षे सुधारित चुलींचा मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे वापर आणि डागडुजी मंदावली आणि तो लाभ ओसरला. प्रयोगशाळेत जी चूल यशस्वी ठरली, ती नांदत्या घरात का थकली, हे नुसते आकडे सांगत नाहीत. त्यासाठी रांधणारीचे श्रम आणि सवडही जमेस धरणारा सिद्धांत हवा. आणि त्या सिद्धांताला पुन्हा चुलीपुढे बसून आपली परीक्षा द्यावी लागेल.

2016 मध्ये उज्ज्वला योजना आली. आज लोधिवलीच्या परिसरात गॅसची शेगडी दिसते आणि पुष्कळ घरांत पडवीत चूलही दिसते. अंघोळीच्या पाण्याला, भाकरीला. कोणी म्हणेल, सुधारणा अपुरी राहिली. मला वाटते, त्या पडवीतील चुलीला अजून काही सांगायचे आहे. संशोधकाने वही घेऊन जरूर जावे. पण वहीत आपले प्रश्न लिहून नेताना रांधणारीच्या प्रश्नांसाठी निम्मी पाने कोरी ठेवावीत.