ओळीने लिहा!

रविवारी प्रोग्रॅमिंग शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी समास सोडायला शिकवतो. ‘काका, चालतंय ना, मग?’ हा प्रश्न ठरलेला. सी भाषेत संगणक समास बघत नाही, पण वाचणारा माणूस त्यावरच विसंबतो. २०१४ साली अ‍ॅपलच्या प्रोग्रॅममधली एक चूक उघडकीस आली: ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा पडली होती. समासामुळे दुसरी ओळ ‘इफ’च्या पोटातली वाटे, पण होती बाहेर. ती दरवेळी चाले आणि सर्व्हरची सही तपासायचीच राहून जाई. पायथॉनमध्ये तर समास हेच व्याकरण! तेव्हा पालकहो, वहीसारखी स्क्रीनही तपासा. प्रोग्रॅमिंग येत नसले तरी वाकडी ओळ आपल्याला कळते.