वाघ न पाहिलेल्या बाईंचा वाघ

कान्हात वाघ दिसला, पण त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सालाच्या सावलीत तो आडवा पसरला होता. भोवती जिप्सींचा घोळका, गाइड लोकांची दबक्या आवाजातली खेकसाखेकस, आणि शेजारच्या गाडीतल्या एका काकांचा ‘उठतोय का बघा, उठतोय का’ हा जप. तो उठला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही उठलो नसतो.

मला सफारी हा प्रकार मुळात आवडत नाही. पहाटे कुडकुडत रांग लावायची आणि जंगलाकडे परीक्षेच्या निकालासारखं बघायचं: वाघ दिसला की पास, नाही दिसला की पैसे बुडाले. बायकोचा आणि तिच्या मैत्रिणींचा उत्साह मात्र कायम होता. त्यांना मुक्कीच्या गेटपाशी सोडून मी गाडी काढली आणि डिंडोरी जिल्ह्यातलं पाटनगढ गाठलं.

निमित्त होतं आमच्या रिसॉर्टच्या पडद्यांचं. शिंगांतून झाड फुटलेलं हरिण त्या पडद्यांवर होतं, उशीच्या अभ्र्यांवर होतं, चहाच्या ट्रेवरही होतं. हे कोणी काढलं, असं विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, “ट्रायबल प्रिंट है सर.” हे उत्तर माझ्या डोक्यात गेलं.

त्या हरणाचं घराणं पाटनगढचं आहे. 1981च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी कलावस्तू जमवायला चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी पाठवलेली मंडळी इथे आली आणि जनगढसिंह श्याम या विशीतल्या पोराचं भिंतीवरचं काम बघून थबकली. जनगढ भोपाळला गेले. भिंतीवरची चित्रं कागदावर आणि कॅनव्हासवर आली. 1989 साली ती पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या प्रदर्शनात लागली, पुढे भोपाळच्या विधानभवनातही जनगढांनी चित्रं काढली. 2001 साली जपानमधल्या एका संग्रहालयात कामासाठी गेलेले असताना त्यांनी तिथेच आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आसपास.

गावात घराघरांत चित्रं निघतात. मी ज्या ओसरीवर टेकलो तिथे एक पन्नाशीच्या बाई कॅनव्हास जमिनीवर पसरून वाघ भरत होत्या. मी त्यांना दीदी म्हणत होतो, त्या मला बाबूजी. वाघाचं अंग पिवळ्या रंगाने सपाट भरून झालं होतं. आता बारीक कुंचल्याने त्यावर काळ्या रेघा पडत होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, एकीला एक लागून, कुठेही न चिकटता. दर दहाबारा रेघांनंतर कुंचला रंगात बुडायचा, वाटीच्या कडेला टोक निथळायचं आणि पुन्हा सुरू. पट्टे कुठे दिसेनात. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “पट्टे तर सगळेच काढतात.” इथे ज्याची त्याची भरण वेगळी असते: कुणाची बियांची, कुणाची माशाच्या खवल्यांची, कुणाची नांगराच्या तासांची. भरण बघून चित्र कोणाचं ते गावातलं पोरही सांगतं.

“दीदी, तुम्ही वाघ पाहिलाय का?”

“जवळून पाहिला असता तर चित्र काढायला उरले असते का?” मग त्यांनीच विचारलं, “तुम्ही पाहिलात ना कान्हात? काय करत होता?”

“झोपला होता.”

“आणि?”

“शेपटी हलवत होता.”

त्या एवढ्या हसल्या की आतून सून बाहेर आली. इतका पैसा घालून शेपटी बघून आले, असं तिला सांगून झालं. त्यांच्या वाघाच्या पाठीवर पक्षी होते, पोटाखालून एक बाई डोक्यावर मोळी घेऊन निघाली होती. वाघ तिला खात का नाही? “तो शिवेवरचा बाघदेव आहे. गाव त्याचंच आहे. आपलं माणूस कोण खाईल?” आणि हरणाच्या डोक्यावर झाड? “हरिण झाडाखाली वाढतं, मग झाड हरणावर वाढलं तर बिघडलं काय?” यावर मला काहीही सुचलं नाही.

दुपारी त्यांनी जेवायला बसवलं. कुटकीचा भात, पातळ डाळ, पाट्यावर वाटलेली टोमॅटोची चटणी. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा घेतली. रिसॉर्टच्या ‘मिलेट रिसोटो’पेक्षा ही कुटकी लाख पटीने चांगली.

जेवताना त्यांनी सासऱ्यांची गोष्ट काढली. ते बाना हे तंतुवाद्य वाजवायचे. इथले चित्रकार बहुतेक परधान. गोंड यजमानांच्या घरी जाऊन बान्यावर बडादेवाची आणि वंशावळीची गाणी म्हणायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. बडादेवाचा वास साज वृक्षात, म्हणजे आपल्या ऐनात. यजमान आटले, बाना खुंटीला लागला, गाण्यांतली झाडं आणि जनावरं कागदावर उतरली. या परधानांवर 1946 सालीच एक अख्खं पुस्तक निघालं, आणि लिहिणारे होते शामराव हिवाळे, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्याबरोबर 1932 मध्ये या मुलखात आलेले मराठी गृहस्थ. दोघे पुढे याच पाटनगढला राहिले. एल्विन जगाला ठाऊक आहेत. हिवाळ्यांचं नाव मराठी माणसांतही फारसं कोणी काढत नाही, याची मला चीड येते.

पुढचे दिवस अमरकंटक आणि जबलपूर करण्यात गेले. गर्दी, धबधबा, खवा जलेबी.

वाघ मी विकत घेतला. दीदींनी सांगितलेल्या किमतीत घासाघीस केली नाही. ज्या मालाला स्वतःची भरण आहे त्यात घासाघीस करू नये, असं माझं मत आहे. गोंड चित्रकलेला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पडद्यांवरची निनावी हरणं काही थांबलेली नाहीत. तेव्हा कान्हाला जाल तर एक सफारी कमी करा आणि तो दिवस पाटनगढला द्या. चित्र घ्या, कोणी काढलं ते विचारा आणि मागच्या बाजूला त्यांच्याच हाताने नाव लिहून घ्या.