टेकडीवरची शाळा आणि घरचें अंगण

गेल्या माघांत घोलवडास एका आप्तांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. एका बाजूस समुद्र, किनाऱ्यावर सुरूचीं बनें आणि गांवांत शिरावें तों दोहों बाजूंस चिकूच्या वाड्या. परंतु माझें चित्त समुद्राकडे नव्हतें. नजीकच कोसबाडची टेकडी आहे. ती एकदां पाहावी अशी इच्छा नोकरीच्या दिवसांपासून मनांत होती, आणि अलीकडे तिला एक घरगुती कारणही जोडलें गेलें होतें.

तें असें. पहिलीं पांच वर्षें मुलाचें लालन करावें, या अर्थाचें सुभाषित मी तीस वर्षें वर्गांत विवरून सांगितलें. आणि स्वतःच्या घरीं मात्र साडेतीन वर्षांच्या नातीला पाटीवर ‘श्री’ गिरविण्यास बसविलें! पंधरा दिवसांनीं सूनबाई हलकेच म्हणाली, “मामंजी, तुमच्या चपलांचा आवाज आला कीं ती कपाटामागें लपते.” हें वाक्य माझ्या जिव्हारीं लागलें.

असो. टेकडीचा चढ कांहीं अवघड नाहीं. चढतांना मनांत येत होत्या त्या ताराबाई मोडक. भावनगरास गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरांत काम करून त्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला. अनुताई वाघ तेथें त्यांना मिळाल्या, आणि १९५७ मध्यें तें कार्य या टेकडीवर आलें. गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. १९७५ नंतर सरकारी योजनेमुळें देशभर झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण सहज उच्चारतों, त्यामागें ही पायपीट आहे. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळाही निघाली. माँटेसरीबाईंचीं गुळगुळीत लांकडी साधनें महाग. म्हणून शंखशिंपले, खडे, बिया, पानें आणि माती हींच साधनें झालीं. हाताला लहानमोठें, खरखरीत-मऊ, जड-हलकें कळलें म्हणजे झालें. तें सागवानी ठोकळ्यांनींच कळावें असा नियम थोडाच आहे?

उतरतांना एका पाड्यावर पाण्यासाठीं थांबलों. शेणानें सारवलेल्या अंगणांत एक वारली बाई सुपांतले वाल निवडीत होती, आणि चारएक वर्षांची मुलगी शेजारीं बसून किडका दाणा एकीकडे, सबंध दाणा दुसरीकडे करीत होती. “किती झाले?” मीं मास्तरी संवयीनें विचारलें. तिनें सबंध दाण्यांची ओंजळ भरून माझ्यापुढें धरली. तिच्यापाशीं तेंच उत्तर होतें, आणि तें चूक म्हणण्याचा मला धीर झाला नाहीं.

घरीं परततांच पाटी माळ्यावर गेली. एका ताटांत चिंचोके, वाल आणि सागरगोटे मिसळून नातीपुढें तीन वाट्या ठेविल्या. (दाणा नाकांत घालण्यास या वयास क्षण पुरतो, मोठें माणूस जवळ बसलेंच पाहिजे.) लोटींतलें पाणी फुलपात्रांत ओतणें, हा दुसरा खेळ, प्रथम निम्में पाणी भुईवर जातें, तें पुसण्याचें फडकेंही तिच्याच हातीं द्यावें. तीन सारख्या डब्यांत मोहरी, हरभरे आणि खडे भरून, हालवून, आवाजावरून ओळखावयाचे. तबकांत रांगोळी पसरून बोटानें रेघ ओढावी. मोडली तर तबक हालविलें कीं अपराध नाहींसा!

या सर्वांत कठीण भाग माझ्याकडे होता: गप्प बसणें. पहिल्याच दिवशीं चिंचोका वालांत पडला आणि मी “चुकलें!” म्हणालों, तिनें मूठ मिटली ती त्या दिवशीं उघडली नाहीं. दुसरे दिवशीं तोच प्रकार झाला, तेव्हां मीं तोंडांत सुपारी धरली. थोड्या वेळानें तिनेंच वाटींत बोट फिरविलें, थबकली, आणि चिंचोका उचलून आपल्या जागीं ठेविला.

परवां तिनें माझें उपरणें ओढून डोळ्यांवर बांधविलें आणि पिशवींत हात घालावयास लाविलें. “सुपारी,” मी म्हणालों. “जायफळ,” मी म्हणालों. उपरण्यापलीकडून क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं, मग ती शांतपणें म्हणाली, “आजोबा, पुन्हां चाचपून पाहा.”