ताटातले तांदूळ आणि तेनार

कुठून सुरुवात करू आणि काय काय सांगू, असं झालंय. गेले तीन महिने मी दोन बायकांच्या पुस्तकांनी झपाटून गेले आहे. एक अमेरिकेतली, एक इंग्लंडातली. दोघीही आता हयात नाहीत. एक जादूगारांच्या आणि ड्रॅगनच्या गोष्टी लिहायची, दुसरी दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या प्रेमाच्या आणि लग्नांच्या. दोघी मला भेटल्या वयाच्या ४६व्या वर्षी, आणि तेव्हापासून मी ऑफिसात, बसमध्ये, भाजीच्या रांगेत, जो भेटेल त्याला यांच्याबद्दल सांगत सुटले आहे. आता तुम्हाला सांगते.

पहिलं पुस्तक रद्दीच्या दुकानात मिळालं. जूनचा पहिला आठवडा, वर्तमानपत्रांचा गठ्ठा घालायला गेले होते. दुकानदार पुस्तकं वेगळी काढून फळीवर लावून ठेवतो. त्यात पफिनचं एक जुनं पॉकेटबुक होतं, पानं पिवळी पडलेली, शिवण उसवलेली. उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. उघडलं तर आत नकाशा! समुद्र, आणि समुद्रात विखुरलेली बेटंच बेटं, प्रत्येकाला नाव. मी त्या नकाशासाठी चाळीस रुपये मोजले. पुढे कळलं की ले ग्विनबाईंनीही आधी नकाशाच काढला होता, आणि मग एकेका बेटावर काय आहे ते शोधत गोष्ट लिहिली. म्हणजे मी अगदी त्यांच्याच दारातून आत शिरले होते!

रात्री साडेनऊला वाचायला घेतलं आणि मान वर केली तेव्हा दीड वाजला होता. बाहेर नाशिकचा पहिला मोठा पाऊस कोसळत होता आणि पुस्तकातही पाऊसच होता. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा एक मुलगा, गेड. अंगात जादू उपजत आहे, धीर मात्र अजिबात नाही. त्याला ओगिऑन नावाचा गुरू भेटतो. हा एवढा थोर जादूगार की त्याने एकदा भूकंप थांबवलेला. गेडला वाटतं, आता विद्या मिळणार. तर गुरू त्याला घेऊन नुसता रानातून चालतो. बोलत नाही, मंत्र सांगत नाही. पाऊस येतो. कुठलाही किरकोळ जादूगार ढग दुसरीकडे हाकलून देईल, पण ओगिऑन एका झाडाखाली पडून राहतो आणि पाऊस अंगावर पडू देतो. शिष्य भिजतोय, चिडतोय, याचा उपयोग काय म्हणतोय. मी ते पान तीनदा वाचलं. शक्ती आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही, हे इतक्या साध्या रीतीने, एका भिजलेल्या म्हाताऱ्याकडून मला कुणी सांगितलंच नव्हतं.

या जगातली जादू कशी चालते ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं. दगडाला, लाटेला, ससाण्याला, माणसालाही. ते कळलं की त्या वस्तूवर तुमची सत्ता चालते. म्हणून कुणीही आपलं खरं नाव कुणाला सांगत नाही, जगात वावरायला दुसरं एखादं वापरायचं नाव असतं. रोक बेटावर जादूगारांची शाळा आहे. (हे पुस्तक १९६८चं आहे, हे लक्षात घ्या. हॅरी पॉटर शाळेत जायला जवळजवळ तीस वर्षं अवकाश होता.) त्या शाळेचा एक भाग म्हणजे दूरवरचा एकाकी मनोरा. तिथे मुलं दिवसभर नावांच्या याद्या पाठ करतात, आणि मध्यरात्री कागदावरची शाई उडून जाते! एकेका वनस्पतीच्या पाकळीचं, देठाचं, मुळाचं वेगळं नाव. जादू म्हणजे पाठांतर आणि लक्ष. वेदपाठशाळा किंवा गवय्याच्या घरची तालीम ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच पटेल.

गेड गर्वापोटी एक भयंकर चूक करून बसतो. त्यातून एक काळी सावली मोकळी सुटते, त्याचा चेहरा कायमचा फाटतो, सगळी शाळा त्याच्यापासून दूर सरते. अशा वेळी त्याचा मित्र व्हेच शाळा सोडून घरी जायला निघतो, आणि जाता जाता त्याला आपलं खरं नाव सांगतो. नाव सांगणं म्हणजे आपला जीव त्याच्या हातात ठेवणं. ज्याच्यावर कुणाचाच विश्वास उरलेला नाही, त्याच्या हातात! मी पुस्तक छातीशी धरून बसून राहिले. शेवट मी कुणालाच सांगत नाही. तो ज्याचा त्याने वाचायचा.

आणि आणखी एक गोष्ट. गेड तांबूस तपकिरी रंगाचा आहे आणि व्हेच काळा. या जगात बहुतेक माणसं सावळी-काळी आहेत, गोरे आहेत ते दूरच्या बेटांवरचे, लुटारू म्हणून ओळखले जाणारे. १९६८ साली, मुलांच्या पुस्तकात, ले ग्विनबाईंनी हे मुद्दाम केलं. तरी वर्षानुवर्षं मुखपृष्ठांवर गेड गोराच रंगवला जाई, आणि २००४मध्ये टीव्हीवर मालिका आली तेव्हा तिथेही त्याला गोरा केला. बाई गप्प बसल्या नाहीत, जाहीर लेख लिहून त्यांनी निषेध केला.

त्यांच्याबद्दल मग मिळेल ते वाचत सुटले. जन्म १९२९, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वडील आल्फ्रेड क्रोबर नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा उरलेला माणूस रानातून बाहेर आला. त्याच्या लोकांत स्वतःचं नाव स्वतः सांगायची रीत नव्हती, ते दुसऱ्याने सांगायचं. पण सांगायला त्याच्या माणसांपैकी कुणी जिवंतच नव्हतं. क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’. इशी १९१६मध्ये वारला, खरं नाव कुणालाही न सांगता. उर्सुलाच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, १९६१मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. त्यानंतर सात वर्षांनी लेकीचं अर्थसी आलं, जिथे खरं नाव हीच सगळ्यात मोलाची ठेव. यांतून ते आलं असं बाई कुठे म्हणाल्या असतील-नसतील, पण माझ्या मनात मात्र या दोन गोष्टी आता वेगळ्या होत नाहीत.

आता आईचं सांगते. आई ७८ वर्षांची. शिक्षण मराठी सातवी. मी रात्री दीडपर्यंत काय वाचते म्हणून तिने विचारलं, आणि मी सांगायला लागले. रोज संध्याकाळी, ती स्वयंपाकघरात पाटावर बसून काहीतरी निवडत असताना. गेडची गोष्ट तिने चार दिवसांत ऐकून संपवली. तोवर मी मालिकेतलं दुसरं पुस्तक मागवलं होतं, ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’, १९७१चं.

यात एक मुलगी आहे, तेनार. पाच वर्षांची असताना तिला आईबापांपासून उचलून वाळवंटातल्या एका देवस्थानात आणतात, कारण जुनी पुजारीण ज्या रात्री मेली त्याच रात्री ही जन्मली. एक विधी होतो आणि तिचं नाव काढून घेतलं जातं. पुढे ती फक्त ‘आर्हा’, म्हणजे भक्षिलेली. ज्यांची ती पुजारीण, त्या काळोख्या शक्तींनाही नाव नाही. थडग्यांखाली भुयारांचं जाळं आहे, तिथे दिवा नेण्याला बंदी, भिंतीवर हात ठेवून वळणं मोजत चालायचं. ती वळणं तिला पाठ होतात आणि तो अंधारच तिला आपलं घर वाटू लागतो. किती किती सुंदर लिहिलाय तो अंधार!

त्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. स्टीलचं मोठं ताट, त्यात पसरलेले तांदूळ, बोटाने खडे बाजूला काढणं चाललेलं. मी सांगितलं, तिचं नाव काढून घेतलं. आईचं बोट थांबलं.

“माझं असंच ताटात लिहिलं होतं,” ती म्हणाली. “तांदळात, अंगठीने. लक्ष्मीपूजनाला. तुझ्या बाबांनी लिहिलं ते त्यांच्या बाजूने. मला सगळी अक्षरं उलटी दिसत होती. डोक्यावर पदर, मान खाली. मला वाचताच येईना. शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी कानात सांगितलं, वैजयंती.”

मला आईचं माहेरचं नाव माहीत होतं. कुसुम. पण त्या नावाने तिला हाक मारलेली मी शेवटची कधी ऐकली, ते आठवेना. दोघे मामा गेले, तेव्हा ती हाकही गेली असावी. आपल्याकडे नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नाही, मुलाचं एक नाव पाळण्यातलं, एक हाकेचं. नावात काही जोर असतो हे आपल्या बायकांना ले ग्विनबाईंच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

“मग? मिळालं का तिला परत?” आईने विचारलं.

मिळतं! भुयारात चोरी करायला शिरलेला एक अनोळखी माणूस ती कोंडून ठेवते. तो गेडच असतो. मारणं तिच्या हातात असतं, तरी ती मारत नाही. आणि तहानेने अर्धमेला झालेला तो माणूस तिला तिचं नाव परत देतो, तेनार. मग आपलंही खरं नाव तिला सांगतो. तेवढंच. तलवार नाही, मिठी नाही. एवढी उत्कट प्रेमकथा मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे, आणि ती प्रेमकथा म्हणवतसुद्धा नाही.

प्रेमकथेचा विषय निघालाच आहे, तर दुसरी लेखिका. जॉर्जेट हेअर. माझी ही बडबड ऐकून ऑफिसातल्या मैत्रिणीने पुस्तक हातात ठेवलं, ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’, १९६१चं. १८१४-१५चं इंग्लंड. लढाईत पाय जायबंदी झालेला ॲडम घरी येतो, तर बाप कर्ज मागे ठेवून वारलेला. प्रेम ज्युलियावर, पण घर वाचवायचं तर लग्न करावं लागतं जेनीशी. जेनी ठेंगणी, साधी, न बोलणारी, एका अतिश्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी. आणि तिचं ॲडमवर आधीपासून प्रेम आहे, हे ती कुणालाही कळू देत नाही. तिचा बाप, चॉली, काय माणूस आहे! जावयाच्या घरात मगरीच्या पायांचे सोफे आणून टाकतो. प्रेम करायचं ठाऊक आहे, थांबायचं ठाऊक नाही. ॲडम संकोचाने अर्धा होतो, जेनी दोघांच्या मध्ये उभी. हळूहळू, ऋतूंमागून ऋतू जातात तशी, त्याला काय आवडतं, काय खुपतं ते जेनी ओळखत जाते, आणि एक दिवस त्याला कळतं की आपलं घर म्हणजे ही. वॉटर्लूची बातमी लंडनला पोचते त्या पानांवर तर श्वास अडकतो, कारण ॲडमने सगळं त्या लढाईच्या निकालावर लावलेलं असतं.

हेही आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, “म्हणजे बघून केलेलं लग्न.” बरोब्बर! ज्युलियाबद्दल तिला फार वाईट वाटलं नाही. चॉलीवर मात्र तिचा जीव जडला.

हेअरबाईंची सुरुवातच मुळी सांगण्यातून झाली होती. सतरा वर्षांची असताना आजारी भावाची करमणूक करायला तिने एक गोष्ट रचली, तीच १९२१मध्ये ‘द ब्लॅक मॉथ’ म्हणून छापली गेली. पुढे पन्नासहून जास्त पुस्तकं, आणि आयुष्यभरात मुलाखत म्हणून दिली नाही. तपशिलाला इतक्या पक्क्या की १९३७च्या ‘ॲन इन्फेमस आर्मी’मधलं वॉटर्लूचं वर्णन लष्करी शिक्षणातही वाखाणलं गेलं. सगळंच त्यांचं मला मानवत नाही. ‘द ग्रँड सोफी’मधला ज्यू सावकार ज्या द्वेषाने रंगवलाय, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. पण एक गोष्ट वाचली आणि डोळे भरून आले. रुमानियात राजकीय कैदी म्हणून बारा वर्षं तुरुंगात काढलेल्या एका बाईने त्यांना कळवलं होतं, की हेअरबाईंची ‘फ्रायडेज चाइल्ड’ ही कादंबरी ती तोंडी, पुन्हा पुन्हा, बरोबरच्या कैदी बायकांना सांगत असे, आणि त्यावर त्या तगल्या. तिथे हातात पुस्तक नाही, कागद नाही. एक हसरी, हलकी प्रेमकथा, आणि ती सांगणारा एक आवाज!

परवा अर्थसीचं चौथं पुस्तक आलं, ‘तेहानू’. तिसऱ्यानंतर अठरा वर्षांनी, १९९०मध्ये, ले ग्विनबाई तेनारकडे परत आल्या. आता ती मध्यमवयीन विधवा आहे, एका शेतकऱ्याची बायको होती, मुलं मोठी होऊन घरातून गेलेली. आणि गावात सगळे तिला ‘गोहा’ म्हणतात. त्या बेटावर एक लहानसा पांढरा कोळी असतो, त्याचं नाव.

“म्हणजे हिचंही बदललंच,” आई म्हणाली. समोर ताट होतं, पण हात तांदळात नव्हते.

मी पुढे सांगितलं. तो पावसात भिजणारा म्हातारा, ओगिऑन, आता मरणपंथाला लागला आहे. तो तिला निरोप धाडतो. ती डोंगर चढून त्याच्याकडे जाते.

“काय नावाने बोलावतो तिला?”

“तेनार.”

आईने ताट पुढे ओढलं. “मग जाऊ दे तिला लवकर. वाट पाहत असेल तो.”