ओझे कमी करताना

प्रवासाची पेटी हलकी करण्याच्या भरात औषधाची पुडीच घरी राहावी, तशी गत यंदाच्या विज्ञानप्रदर्शनात आम्हां दहावीच्या विद्यार्थ्यांची झाली.

ग्रंथालयातील पुस्तके शोधून देणारा एक प्रोग्राम आम्ही जावा भाषेत रचला होता. १९९५ साली जगापुढे आलेल्या या भाषेतील प्रोग्राम म्हणजे अनेक ‘क्लास’चे एक कुटुंबच! एक क्लास दुसऱ्यास हाक मारतो, दुसरा तिसऱ्यास. शिवाय इतरांनी लिहिलेले क्लासही मदतीस बोलावता येतात. हे सारे ‘जार’ नावाच्या एकाच गाठोड्यात बांधता येते. आमचे गाठोडे फारच फुगले, म्हणून आम्ही ‘प्रोगार्ड’ या साधनाचा आश्रय घेतला. मुख्य क्लासपासून निघून कोण कोणास हाक मारतो, याचा ते माग काढते आणि जेथवर माग पोचत नाही ते वगळते. गाठोडे निम्म्याहून लहान झाले. त्याच आनंदात आमच्या गटातील आठवीच्या एका अबोल मुलास आम्ही सांगून टाकले, “आता तुझे काही काम उरले नाही.”

प्रदर्शनात मुख्याध्यापकांनी पहिलेच पुस्तक शोधले, तोच पडद्यावर ‘क्लास नॉट फाउंड’ अशी अक्षरे उमटली. आमची तोंडे उतरली. इतक्यात मागच्या रांगेतून तो मुलगा हळूच म्हणाला, “दादा, सेटिंगची फाइल पाहा ना.”

डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हर क्लासचे नाव त्यानेच त्या फाइलीत लिहिले होते. प्रोग्राम सुरू झाल्यावर ते नाव वाचून त्या क्लासला बोलावीत असे. क्लासच्या आपसांतील हाकांत ते नाव कोठेच नव्हते. अर्थातच प्रोगार्डच्या लेखी तो निरुपयोगी! ‘कीप’ हा नियम लिहून आम्ही त्यास राखले, गाठोडे पुन्हा बांधले, आणि प्रोग्राम चालू झाला.

दोष साधनाचा नव्हता. जावाबरोबर येणारे ‘जेडेप्स’ही लिहिलेलेच अवलंबन दाखविते, फाइलीतील नाव त्यासही दिसत नाही. म्हणून ऐनवेळी ज्यास बोलवावयाचे, त्याचे नाव आधी राखून ठेवावे, आणि ओझे उतरविल्यावर प्रत्येक काम एकदा करून पाहावे, हे आम्ही शिकलो.

परंतु खरी खंत निराळीच आहे. ज्यास कोणी हाक मारीत नाही तो अनावश्यक, असे यंत्राने मानले तर ते क्षम्य. आम्हीही तेच मानले होते! आता प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर रचनाकारांची नावे झळकतात. त्यांत त्याचे नाव सर्वांत वर आहे.