ताई, तुमचं कॉलेज सुरू झालं

'कॉलेज कधी सुरू होणार?' असं विचारल्यावर अभ्यासकेंद्रातले सर म्हणाले, 'ताई, प्रवेश झाला ना? मग सुरू झालं की.' मी पावतीकडे बघत राहिले. वर्ग नाही, बाक नाही, हजेरी नाही. नुसता एक लांबलचक कायम नोंदणी क्रमांक मोबाईलवर आलेला.

बारावीनंतर लग्न, मग मुलं, मग घरगुती डबे. बी.ए. करायचं म्हणून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं. हे विद्यापीठ नाशिकला, १९८९ सालचं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. गंगा घरात आली खरी, पण घरात तिला ठेवायला जागाच नव्हती. सर म्हणाले, एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तास, आणि असे विषय किती तरी! पहाटे कणीक, दुपारी डबे घासणं, संध्याकाळी पुन्हा भाजी. हे तास काढायचे कुठून, ते माहितीपुस्तिकेत काही लिहिलेलं नाही.

पुस्तकं मात्र वेगळीच निघाली. धड्याला 'घटक' म्हणतात. हा घटक वाचून तुम्हाला काय काय सांगता येईल, ते सुरुवातीलाच लिहिलेलं. थोडं वाचून होतंय तोच मध्येच प्रश्न, आणि उत्तरं घटकाच्या शेवटी. पहिल्यांदा वाटलं, उत्तरं अशी उघड्यावर कशी ठेवली? मग लक्षात आलं, समोर मास्तर नाहीत म्हणून पुस्तकच थांबवून विचारतंय. आम्ही शाळेत उत्तरं पाठ करणारी माणसं. इथे कुणी न बघता स्वतःला तपासायचं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या, पण चोरायचं कुणाचं?

रविवारच्या संपर्कसत्राला अंगणवाडीसेविका, गॅरेजमधला पोरगा, एका सोसायटीचे वॉचमनकाका असे सगळे येतात. सरांनी सांगितलं, १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने टपालाने शिकवायला घेतलं, १९८२ मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ आलं, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. मला हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे आपल्यासारख्यांचा विचार कुणीतरी बराच आधी केला होता. मात्र परीक्षेचा अर्ज, फी, ओटीपी हे सारं मोबाईलवर. मुलगी घरात नसती तर माझं घोडं तिथेच अडलं असतं.

अर्थशास्त्रातली 'मागणीची लवचिकता' काही केल्या डोक्यात शिरेना. वॉचमनकाका रात्रपाळीत केबिनच्या दिव्याखाली वाचतात, त्यांचा घटक माझ्या पुढे. ते म्हणाले, 'ताई, भेंडी महागली की तुम्ही डब्यात काय देता?' म्हटलं, कोबी. 'आणि मीठ महागलं तर?' मीठ तेवढंच घालणार, कमी कसं करू? 'मग झालं की! भाव बदलला की मागणी किती हलते, तीच लवचिकता.'

आता पुढचा घटक राष्ट्रीय उत्पन्नाचा. त्यात म्हणे, गिऱ्हाइकाला विकलेली पोळी धरतात आणि त्याच तव्यावर घरच्यांसाठी लाटलेली धरत नाहीत. कणीक एक, गॅस एक, हात माझेच. येत्या रविवारी सरांशी यावर भांडायचंय.