मागील पानावरून पुढे

शिलाँगच्या माझ्या सरकारी घरावर पत्र्याचे छप्पर होते. पाऊस पडू लागला की आत दोन माणसांना एकमेकांचे शब्द नीट ऐकू येत नसत. २०२३ च्या उन्हाळ्यात मला या आवाजाचा मोठाच आधार वाटला. बारावीची परीक्षा आटोपून मुलगा नागपूरहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आला होता आणि आम्हा बापलेकांपाशी बोलण्यासारखे फारसे काही नव्हते. मुलांच्या शाळेपायी बिऱ्हाड मागे ठेवून ज्यांनी एकट्याने बदल्या भोगल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. ‘अभ्यास कसा चालला आहे?’ या प्रश्नाची सोय परीक्षेबरोबरच संपली होती.

रविवारी रात्री तो लॅपटॉपवर एक जपानी चित्रमालिका पाही. ‘किमेत्सु नो याइबा’ हे तिचे मूळ नाव. मुले तिला ‘डेमन स्लेयर’ म्हणून ओळखतात. त्या एप्रिलात तिचे एक नवे पर्व सुरू झाले होते: तलवारी घडविणाऱ्यांच्या गावाचे. भाग अकरा, दर रविवारी एक. दुसरे काही सुचेना म्हणून मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.

पहिल्याच भागाने डोळे दिपले. राक्षसांच्या अधिपतीचा तो अनंत दुर्ग! एक स्त्री वीणेसारखे वाद्य छेडते आणि त्या झंकारासरशी दालने सरकतात, जिने उलटे लोंबू लागतात, जमीन कोणती आणि छत कोणते हे कळेनासे होते. एक राक्षस त्या पोकळीत येऊन पडतो, आणि खुर्चीत स्वस्थ बसलेले आपण नकळत खुर्चीचा हात घट्ट धरतो. हे काम ‘युफोटेबल’ या संस्थेचे. हाताने रेखाटलेली माणसे आणि संगणकाने उभारलेल्या वास्तू ती इतक्या बेमालूमपणे एकत्र नांदविते की सांधा सापडत नाही. मी खरोखरच हरखलो होतो.

तीन-चार रविवार गेले आणि माझ्यातला लेखापरीक्षक जागा झाला. हांतेंगू नावाचा एक राक्षस आहे. त्याला कापावे तर त्याचे अनेक देह होतात. क्रोध, हर्ष, शोक, सुख हे चौघे लढत राहतात आणि त्यांचा खरा धनी, उंदराएवढा भित्रा जीव, कोठेतरी गवतात दडून बसतो. कल्पना सुरेख आहे. भीती स्वतः लपते आणि विकारांना पुढे करते, हे आपण कचेरीतही पाहिले आहे. पण ती उमगल्यानंतरही तीच रात्र, तीच झुंज भागामागून भाग चालू राहते. एक किशोर योद्धा पाण्याच्या कोशात गुदमरत असतो, आणि नेमका तेव्हाच त्याला आपला मेलेला जुळा भाऊ आठवतो. एक तरुणी मरणाच्या दाढेत सापडते, आणि नेमके तेव्हाच तिचे मोडलेले लग्न आपल्याला दाखविले जाते. खर्च आधी होऊन गेला आहे आणि कार्योत्तर मंजुरी मागाहून जोडली आहे, असा हा प्रकार.

मी तसे बोलून दाखविले. “चित्रं अप्रतिम आहेत, पण गोष्ट कच्ची आहे.”

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “बाबा, तुम्ही मधूनच बघायला लागलात.”

आवाजात तक्रार नव्हती. असती तर मी काहीतरी उत्तर दिले असते. नऊ वर्षांत मी त्याच्या वाट्याला किती आलो होतो? काही दिवाळ्या, मुंज, एक बक्षीस समारंभ. सगळी रोषणाईची दृश्ये. मधला मजकूर नागपुरात घडला होता आणि तो त्याच्या आईने वाचला होता.

त्या आठवड्यापासून तो निजल्यावर मी २०१९ सालचे पहिले पर्व एकट्याने पाहू लागलो. सव्वीस भाग. तेथे आरंभी फारसे काही दिपविणारे नाही. कोळसा विकणारा तांजिरो बर्फातून गावात जातो, रात्री परतणे होत नाही, आणि सकाळी घरी येतो तो घरच्यांची प्रेतेच त्याला दिसतात. एक बहीण तेवढी जिवंत, पण तीही राक्षसी झालेली. उन्हाने ती जळेल, म्हणून पुढे तो तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर वाहतो. ती पेटी मी रात्रीमागून रात्र पाहिली. मग मला तिचे वजन कळू लागले.

अठरा जूनला शेवटचा भाग आला. नेहमीच्या दुपटीएवढा लांब. उजाडू लागले आहे, उघड्या माळावर नेझुकोला आडोसा नाही, आणि पलीकडे राक्षस गावकऱ्यांच्या मागे लागला आहे. बहिणीला झाकावे की त्यांना वाचवावे? तांजिरोला निवडता येत नाही. तीच त्याला लाथेने भिरकावून देते, त्यांच्याकडे. आणि स्वतः उन्हात जळू लागते. थोड्या वेळाने ती जिवंत चालत येते आणि, वाचा जवळजवळ हरपलेली ती मुलगी, अडखळत ‘सुप्रभात’ म्हणते.

चष्मा पुसण्याचे निमित्त मला करावे लागले. तरीही माझा अभिप्राय मी बदललेला नाही. या पर्वाने स्वतः फार थोडे कमावले. ही सकाळ त्याने २०१९ च्या शिलकेतून खर्च केली. मुलाला मी तेच सांगितले. तो हसला. “आता आक्षेप मान्य,” म्हणाला.

जुलैत तो महाविद्यालयाच्या वसतिगृहात गेला. मे २०२४ मध्ये आठ भागांचे पुढचे पर्व आले. ते आम्ही आपापल्या गावी पाहिले. त्यातही कथा पातळच होती. पहिला भाग संपून पाच मिनिटे झाली नसतील तोच फोन वाजला. नमस्कार नाही, खुशाली नाही. “हं बाबा, सांगा आक्षेप.” बाहेर पाऊस इतका होता की त्याला ते वाक्य मला दोनदा म्हणावे लागले.